चार म्हणजे शून्य

मी इन्व्हर्टर बोलतोय. वीज गेल्यावर घरचा पंखा फिरवतो तो नव्हे. तो माझा लांबचा चुलतभाऊ, आणि कौतुक सगळं त्याचंच! मी बेकरीतल्या भिंतीवर असतो आणि भट्टीतून पाव वाहून नेणाऱ्या पट्ट्याची मोटर सांभाळतो. मी पन्नासची फ्रिक्वेन्सी दिली की ती पळते, दहाची दिली की रांगते, शून्य दिली की थांबते.

किती द्यायची हे मात्र माझं मी ठरवत नाही. मला दोन कान आहेत. एक व्होल्टेज ऐकतो, शून्य ते दहा व्होल्ट. दुसरा करंट ऐकतो, चार ते वीस मिलिअँपिअर.

पहिली सहा वर्षं माझा व्होल्टेजचा कानच कामाला होता. त्याला जोडलेलं बटण बेकरीचे मालक बुवा अंगठ्याने फिरवायचे. पावाचा रंग बघायचे, बटण केसभर सरकवायचे. पाव कधी करपला नाही, पण बुवांचा अंगठा मात्र शेफारला.

मग त्यांचे जावई आले. पेशाने इलेक्ट्रिशियन. त्यांनी भट्टीच्या त्या टोकाला उष्णता मोजणारा सेन्सर बसवला आणि त्याची तार माझ्या करंटच्या कानाला जोडली. लांबच्या तारेत व्होल्टेज वाटेत थोडं गळतं, करंट मात्र निघेल तेवढा पोहोचतो. भट्टी तापली की वीस, पट्टा जोरात. थंड असली की चार, पट्टा बंद. शून्य आलं तर समजायचं, तारच तुटली.

दुपारी तापलेल्या भट्टीवर त्यांनी मला चालवून पाहिलं. पट्टा झोकात धावला. जावईबापूंची कॉलर ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी थंडगार. बुवांनी कच्च्या पिठाचे चाळीस साचे पट्ट्यावर मांडले आणि भट्टी तापेपर्यंत पट्टा हलणार नाही या भरवशावर चहाला गेले. सेन्सर म्हणाला, "चार." आता माझ्या सेटिंगमध्ये सुरुवात चारपासून नव्हे, शून्यापासून लिहिलेली! शून्य ते वीसमध्ये चार म्हणजे पाचवा हिस्सा. मी इमानदारीत दहाची फ्रिक्वेन्सी दिली. साचे थंड भट्टीतून वरातीच्या थाटात निघाले आणि पलीकडे एकेक करून जमिनीवर आपटले.

"हा डबा बिघडलाय," बुवा गरजले. "आजच भंगारात! जावईबापू, काढा याला."

जावईबापू स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, पण आधी त्यांनी सेटिंग उघडली. शून्य दिसलं आणि त्यांचे कान लाल झाले. आजूबाजूला कोणी नव्हतं. सेटिंग मिटवून गुपचूप मला काढून नेलं असतं, तर कोणाला काय कळणार होतं? मी मनातल्या मनात हात जोडले.

त्यांनी चार केलं. पट्टा थांबला. मग त्यांनी बुवांना हाक मारली. "बाबा, हा चांगला आहे. चूक माझीच होती. सुरुवातीचा आकडा लिहायचा राहिला."

बुवांनी वाकून जमिनीवरचा एक साचा उचलला.

"हे घरी बोलू नका," ते म्हणाले. "लग्नाआधी पोरगी भांडून सांगत होती, हा माणूस खोटं बोलणार नाही म्हणून. आता उगाच तिचंच खरं ठरेल."

मी अजून त्याच भिंतीवर आहे. जाळीत पिठाची धूळ आहे, माझा आतला पंखा जरा घरघरतो. एवढंच मागतो, मला भंगारात घालण्याआधी मला काय सांगितलं होतं ते एकदा वाचा. सांगितलेलं ऐकायचं, एवढंच मला येतं हो.