अप्पारावांच्या बोअरला आलेली गंगा

पूर ओसरला आणि सोयगावकडच्या आमच्या गावात अप्पारावांच्या शेतावर रांग लागली. कित्येक वर्षं कोरडा असलेला त्यांचा बोअर मोटारीशिवाय, आपोआप वाहत होता.

शेजारी जलनाथ महाराज आसन टाकून बसले होते. "तुमची मोटार विजेवर चालती, माझी भक्तीवर. घोट पोटात गेला की आजार पळाला."

मी इथल्या आरोग्य केंद्रातली डॉक्टर. आजार पळून माझ्याकडंच येत होते. जुलाब-उलट्यांनी खाटा भरल्या, त्यात अप्पारावांची नातही होती. सलाईन लावलेल्या त्या पोरीला तिची आई रूपाली चमच्यानं तेच तीर्थ पाजत होती. मी पेला काढून घेतला.

"मॅडम, तुमचं चालू द्या, आमचंबी चालू द्या," ती म्हणाली.

मी अप्पारावांना घेऊन शेतावर गेले. बोअरची केसिंग, म्हणजे भोकात बसवलेली संरक्षक नळी, पातळ प्लास्टिकची, जमिनीलगत कापलेली. पुरातल्या ओंडक्यानं ती तडकली होती. वरच्या अंगाला बांधामागं नाल्याचं पाणी तुंबलं होतं आणि गावातल्या संडासांची घाण त्यातच आली होती. तेच पाणी जमिनीखालून झिरपत त्या तडीतून बोअरमध्ये शिरतंय का हे बघायला, अप्पारावांच्यादेखत मी त्या तुंबलेल्या पाण्यात कपड्यांचा हिरवा रंग ओतला.

दुपारी बोअरमधून हिरवं पाणी आलं.  अप्पाराव रांगेपुढं जाऊन म्हणाले, "पिऊ नका. हे नाल्याचं पाणी हाय. रंग माझ्यासमोर टाकलाय."

"देवीनं हिरवा शालू नेसला," महाराज शांतपणे म्हणाले.

"देवाच्या कामात असं बोलू नाय, भाऊजी," अप्पारावांची भावजय चतुराबाई म्हणाली, आणि तिनं कळशी पुढं सरकवली. संध्याकाळपर्यंत रांग दुप्पट झाली.

नातीला संभाजीनगरला हलवलं. ती परत आली नाही.

पुढं नाला आटला आणि बोअरही थांबला. अप्पारावानं संशय घेतला म्हणून देवी रुसली, असं सांगून महाराज निघून गेले. गाव अजून तेच मानतं. अप्पारावांशी फारसं कुणी बोलत नाही.

मला एवढंच सांगता येतं: पूर येणाऱ्या जागी केसिंग पोलादी किंवा जाड, मजबूत नळीची घ्या. ती पुराच्या रेषेच्या वर न्या, झाकण घट्ट लावा, भोवतीची फट सिमेंटनं बुजवा. पुरात बुडालेल्या बोअरचं पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका. आणि पाणी आपोआप वर आलं, तर हात जोडण्याआधी ते कुठून आलं हे विचारा.