मेन स्विच

खिसेवालीने जाकिटाचा पुढचा खिसा सुईखाली सरकवला आणि पेडल दाबलं. तिच्या भोवती आणखी एकोणचाळीस मशिनी घरघरत होत्या, त्यामुळे इथे बोलायचं म्हणजे ओरडायचंच.

"काय गं, मारली का लाथ?" शेजारून मावशीने रोजचा प्रश्न विचारला. मावशी बाह्या जोडायची आणि तीन बाळंतपणांच्या जोरावर सगळ्या शिवणखात्याला सल्ले द्यायची.

"नाही हो."

"मारेल गं! तुझ्यासारखंच निवांत निघालंय."

खिसेवाली हसली खरी, पण टीप वाकडी गेली. एकविसावा आठवडा लागला होता. दवाखान्यातून मिळालेलं पुस्तक तिला तोंडपाठ होतं: भुवया उमटतात, बाळ अंगठा चोखतं, बाहेरचे आवाज त्याला ऐकू येऊ लागतात. सोनोग्राफीत तर स्वारीने चक्क कोलांटी मारली होती. डॉक्टरीणबाईंनी पाहिली, नवऱ्याने पाहिली, आणि जिच्या पोटात मारली तिलाच पत्ता नाही! बाळाची वार पोटाच्या पुढच्या बाजूला आहे, लाथ उशिरा कळेल, जरा शांत बसत जा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. शांत कुठलं बसायला? घरी गेल्यावरही अंगात हीच घरघर चालू असायची आणि पाठ टेकली की डोळा लागायचा. आपलं मूल आपल्याला हाका मारतंय आणि आपल्यालाच ऐकू येत नाही, या विचाराने ती काल न्हाणीघरात दार लावून रडली होती.

"खिसे मागे पडतायत!" घड्याळबाई ओरडल्या. त्या सुपरवायझर. कुणी पाणी प्यायला उठलं तरी मनगटाकडे बघायच्या, म्हणून हे नाव. आज चारला गाडी येणार होती आणि साठ जाकिटं अजून बाकी होती.

अडीचला लाईट गेली.

घड्याळबाईंनी कपाळाला हात लावला आणि धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. तसा नियमच होता, नाहीतर लाईट येताच एखादी मशीन अचानक चालू होऊन कुणाचं तरी बोट सुईखाली जायचं. स्विचच्या वर एक लाल दिवा होता. तो लागला की लाईट आली समजायची आणि मगच स्विच वर करायचा.

सगळं गप्प झालं. कोपऱ्यातला नळ गळतोय हे आजच कळलं. खिसेवालीने पेडलवरचा पाय काढला आणि मागे टेकून बसली.

आणि कुणीतरी आतून टिचकी मारली.

"अगं बाई!"

"काय झालं? सुई लागली?"

"मारली! मावशी, मारली!"

हां हां म्हणता सगळ्या तिच्याभोवती जमल्या. हात ठेवू दे, मुलगाच असणार, छे, एवढी हळू म्हणजे मुलगीच, असा एकच कालवा झाला.

"गप्प बसा गं मेल्यांनो," मावशी डाफरली, "तिला ऐकू दे."

आणि जेवतानासुद्धा ज्यांची तोंडं बंद नसायची, त्या सगळ्याजणी श्वास रोखून उभ्या राहिल्या. खिसेवालीने दोन्ही हात पोटावर ठेवले होते. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"परत!" ती म्हणाली.

मावशीची नजर सहज खिडकीबाहेर गेली. समोरच्या इमारतीतले पंखे गरगर फिरत होते. तिने वळून भिंतीकडे पाहिलं. घड्याळबाई स्विचला पाठ लावून उभ्या होत्या, घड्याळाचा हात मागे घेऊन. त्यांच्या अंबाड्याच्या कडेने लाल उजेड दिसत होता.

"बाई, लाईट..." मावशीने तोंड उघडलं.

"आली की सांगेन मी." घड्याळबाई जागच्या हलल्या नाहीत. "पोरी, किती लाथा झाल्या गं?"

"तीन."

"नीट मोज. घाई कुणाला आहे?"