भागवतचा लाल पट्टा

“चार वाजता उघडतं, मावशी. त्याआधी कुणालाच आत सोडता येत नाही.”

लोखंडी फाटकाच्या पलीकडे उभे राहून दीपगृहाचे कर्मचारी मयेकर सांगत होते. अलीकडे धुरपताबाई उभ्या होत्या. एका हातात भाकरीचं फडकं, दुसऱ्या हातात नातीचं मनगट. नात राजनंदिनी, सहा वर्षांची, सुटायला बघत होती. त्यांच्या मागं सून राजेश्री मान वर करून मनोऱ्याकडे एकटक पाहत होती.

“आमी लय लांबून आलोत, दादा,” धुरपताबाई म्हणाल्या. “परभणीकडून. देवगाव फाटा म्हाईत असंल तुमाला.”

मयेकरांना देवगाव फाटा माहीत नव्हता. धुरपताबाईंना नवल वाटलं. फाट्यावर त्यांचं चहाचं हॉटेल होतं. म्हणजे चार पत्रे, एक शेगडी आणि दोन बाकडी. जालन्याला, जिंतूरला, सेलूला जाणारी माणसं तिथं उतरत, चहा पीत आणि आपल्या वाटेनं जात. इतकी माणसं त्यांनी पाहिली होती की, फाटा माहीत नसलेला माणूस असू शकतो हे त्यांना खरंच वाटत नव्हतं.

“तिकडं सुरूच्या झाडांखाली बसा,” मयेकर म्हणाले. “सावली आहे. मी हाक मारतो.”

राजेश्रीची मावसबहीण नीलम इकडच्या एका शाळेत शिक्षिका होती. परभणीकडची बरीच पोरं-पोरी नोकरीसाठी कोकणात आली, त्यांतली ती एक. आदल्या दिवशी तिघी तिच्याकडे उतरल्या होत्या. आज तिची शाळा होती, म्हणून सकाळी तिनं त्यांना एसटीत बसवून दिलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत या म्हणून बजावलं.

झाडांखालच्या वाळूत बसल्यावर खाली समुद्र दिसला. राजनंदिनीनं आधी तोंडाचा आ केला आणि मग विचारलं, “आजी, हे पाणी कुणाचं?”

“कुणाचंच न्हाई.”

“मग मोटार लावून आपल्याकडं न्यायचं ना.”

“खारट हाय, बाई. कापूस जळून जाईल.”

राजेश्री हसली नाही. तिची नजर मनोऱ्यावरच होती. इंग्रजांच्या काळात बांधलेला तो दगडी मनोरा पांढरा होता आणि त्यावर लाल पट्टे होते. सगळ्यात वरचा पट्टा सज्जाच्या अगदी खाली, उन्हात झळझळत होता.

तो पट्टा भागवतनं रंगवला होता.

भागवत धुरपताबाईंचा एकुलता एक मुलगा. मोबाइलचे टॉवर, पाण्याच्या टाक्या, कारखान्यांची धुराडी असं उंचावरचं काही रंगवायचं असलं की ठेकेदार त्याला बोलावून न्यायचा. राजनंदिनी रांगत होती त्या वर्षी तो इकडं आला होता. रोज काम संपलं की फोन करायचा. “आई, सगळ्यात वरचा लाल पट्टा माझा. बाकीचे लय भेले. दोरीच्या झुल्यात बसून खाली पाह्यलं की नुसता समिंदर. तुला दाखवतो एकदा. तू फाट्याच्या भाईर पडलीच न्हाईस कधी.”

इतक्या उंचावर चढणारा तो माणूस गेला जमिनीवर. दुधाची कॅन घेऊन फाट्यावरचा रस्ता ओलांडताना, आईच्या हॉटेलासमोर, ट्रकखाली. तेराव्यानंतर लोक म्हणाले, आता हॉटेल दुसरीकडं हलवा. धुरपताबाई म्हणाल्या, “कुटं हलवू? गिऱ्हाईक हितंच उतरतं.” आणि पुन्हा शेगडी पेटवली. फक्त बाकडी फिरवली. आता बसणाऱ्याची पाठ रस्त्याकडे येते.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात राजेश्रीचे मामा सेलूचं स्थळ घेऊन आले. बजरंग नावाचा माणूस, पहिली बायको आजारात गेलेली, पंपांच्या सुट्या भागांचं दुकान. माणूस बरा होता. अधूनमधून फाट्यावर चहाला थांबायचा, पेला स्वतः विसळून ठेवायचा. मामांनी सगळं सांगून झाल्यावर हलक्या आवाजात म्हटलं होतं, “पोरगी मात्र आजीजवळच ऱ्हाईल. तसंच ठरवू.”

धुरपताबाईंनी त्यावर हूं केलं होतं, आणि त्या रात्री त्यांना नीट झोप लागली होती. सून जाईल, पण नात राहील. त्या झोपेची त्यांना नंतर आतल्या आत लाज वाटत होती.

राजेश्रीनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, “आधी मला त्यांनी रंगवलेला मनोरा बघायचाय.” म्हणून हा प्रवास.

भाकरी खाऊन झाली. राजनंदिनी सुरूच्या वाळक्या सुया गोळा करत लांब गेली, तेव्हा राजेश्री बोलली.

“आत्याबाई, मी नंदूला सोडून कशी राहू?”

धुरपताबाई फडक्याची घडी घालत राहिल्या.

“मामा म्हणतात, सवय होती. पण रात्री ती माझा कान धरून झोपती. तिचं काय?”

“बघू,” धुरपताबाई म्हणाल्या.

त्यांना आपला भाऊ आठवत होता. भागवत तीन वर्षांचा होता, तेव्हा त्याही अशाच विधवा झाल्या होत्या. भाऊ स्थळ घेऊन आला आणि म्हणाला, पोरगं सासूजवळ राहू दे. त्या नाही म्हणाल्या. भाऊ उठून गेला. पोराला घेऊन जा, असं ना भाऊ म्हणाला, ना सासू. तेव्हापासून शेगडी होती आणि फाटा होता.

चारला मयेकरांनी हाक मारली. फाटकातून आत शिरताना धुरपताबाईंना राहवलं नाही. “दादा, त्यो वरचा पट्टा हाय ना, त्यो माझ्या लेकानं रंगवलाय.”

मयेकर थांबले. “कधी?”

राजेश्रीनं साल सांगितलं. मयेकर जरा घुटमळले. “ताई, खाऱ्या वाऱ्याला रंग टिकत नाही इथं. मधे दोनदा काम झालं. हा आत्ताचा रंग गेल्या हिवाळ्यातला आहे. दुसरी माणसं होती.”

राजेश्रीनं एकदा वर पाहिलं. एवढा वेळ ती ज्या पट्ट्याकडे बघत बसली होती, तो कुणा दुसऱ्याचा होता. ती तिथंच पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. राजनंदिनी घाबरून आईला चिकटली.

“तुमी व्हता का तवा? भागवत नावाचा व्हता. उंच, सावळा,” धुरपताबाईंनी विचारलं.

“नाही हो मावशी. माझी बदली नंतर झाली.” मयेकरांना वाईट वाटलेलं दिसत होतं. काहीतरी द्यावं म्हणून ते म्हणाले, “पण जुना रंग सगळा काढत नाहीत. सुटलेला तेवढा खरवडतात. बाकी खाली तसाच राहतो, त्यावर नवा देतात.”

धुरपताबाई भिंतीजवळ गेल्या. तळहात टेकवला. भिंत तापलेली होती आणि हाताला रंगाचे जाड थर लागत होते. कोणता भागवतच्या वेळचा, कोणता आधीच्यांचा, कोणता नंतरच्यांचा, ते काही कळायला मार्ग नव्हता. त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात काढला आणि सुनेपुढं धरला.

“फोन दे तुझा. बजरंगला लाव.”

“आता? हितून?”

“लाव म्हनते ना.”

पलीकडून दुकानातला आवाज आला, कुणीतरी बेअरिंग मागत होतं. धुरपताबाईंनी फोन कानाला घट्ट लावला.

“बजरंग, मी फाट्यावरची धुरपताबाई. एक इचारते, खरं सांगायचं. पोरगी तुला नको का?”

“कोण म्हणलं, मावशी?” तो गोंधळला. “मी तर मामाला पहिल्याच दिवशी म्हणलो व्हतो, लेकराला घेऊन या. मामाच म्हणले, ऱ्हाऊ द्या. तुमी एकट्या पडताल म्हणून. मलाबी वाटलं, तुमचा तेवढाच आधार. कसं मागावं तुमाला?”

म्हणजे पोरीला कुणी नाकारलं नव्हतं. तिला धुरपताबाईंसाठीच मागं ठेवायचं ठरलं होतं. त्यांनी त्या दिवशीचं हूं तसंच राहू दिलं असतं, तर ती राहिली असती.

“हॅलो? मावशी?”

“ऐकायलेय,” त्या म्हणाल्या. “पोरगी आईसंगं यील. आन् तिच्या नावात माझ्या भागवतचं नाव हाय, ते तसंच ठिवायचं. कबूल हाय का?”

“कबूल हाय, मावशी.”

“मग च्या प्यायला यी रविवारी. तिघी असूत.”

त्यांनी फोन परत दिला. राजेश्री त्यांच्याकडे बघतच राहिली. “आत्याबाई, मग तुमचं कसं होईल?”

“माझं काय व्हायलंय? दिवसभर मानसं उतरत्यात फाट्यावर. सेलू काय लंकेत हाय का? सुट्टीत यील की पोरगी.” आणि मग एकदम रागावल्यासारखं, “ऊठ आता. तोंड पूस. येळ संपायलाय. पोरीला घेऊन वर जा.”

“तुम्ही?”

“माझे गुडघे हायेत का चढायचे? जावा तुमी.”

दोघी आत गेल्या. जिन्यात राजनंदिनीचा आवाज गोल फिरत वर चढत गेला आणि हळूहळू ऐकू येईनासा झाला. मयेकरांनी आणून ठेवलेल्या खुर्चीवर धुरपताबाई बसल्या नाहीत. मान वर करून उभ्या राहिल्या. कितीतरी वेळानं सज्जाच्या कठड्यावर दोन डोकी दिसली. वारा इतका होता की वरची हाक खाली तुटक तुटक पोचली.

“आजी! जहाज!”

“कठडा धर!” त्या खालून ओरडल्या. “आईचा हात सोडू नगंस!”

संध्याकाळच्या एसटीत गर्दी नव्हती. खिडकीशी राजेश्री बसली, तिच्या शेजारी धुरपताबाई. दमलेली राजनंदिनी सवयीप्रमाणे आजीच्या मांडीवर चढली आणि गाडी घाटाला लागायच्या आत झोपली. धुरपताबाईंनी तिचे केस मागं सारले. थोडा वेळ तिला तसंच राहू दिलं. मग दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. झोपेतच पोरीचा हात वर गेला आणि राजेश्रीचा कान शोधून थांबला.

पायांतून निसटू लागलेल्या तिच्या चपला धुरपताबाईंनी काढून घेतल्या. त्यांत वाळू होती. ती त्यांनी खिडकीबाहेर झटकली नाही. चपला तशाच मांडीवर घेतल्या, वर पदर ओढला, आणि गाडी वळणं घेत राहिली तशा त्या दोन्ही हातांनी धरून बसल्या.