दुप्पट वाचक

धाकटीने फळ्यावरची तिसरी चौकट पुसली, थोडी मोठी करून पुन्हा काढली आणि तिच्यातून एक बाण बाहेर नेला.

"हे यंत्र बंद पडलं तरी नोंद शेजारच्या यंत्रावर शाबूत. हे आधी सांगू या ग्रंथपालबाईंना," ती म्हणाली.

थोरल्या भावाचं फळ्याकडे लक्षच नव्हतं. सकाळी आलेली एक ईमेल तो दुसऱ्यांदा वाचत होता आणि वाचता वाचता त्याचा हात मानेवर गेला होता. काहीतरी बिनसलं की तो तसंच करायचा.

गेलं वर्षभर ही दोन भावंडं घराच्या पुढच्या खोलीत बसून एक सॉफ्टवेअर लिहीत होती. वेबसाइटवर किती माणसं आली, त्यांनी कोणती पानं वाचली, कुठून कंटाळून परत गेली, याची नोंद ठेवणारं आणि त्यातून अर्थ काढून दाखवणारं. अशी सॉफ्टवेअर पुष्कळ होती, पण ती सगळी माहिती लांबच्या कुठल्यातरी कंपनीच्या यंत्रांवर नेऊन ठेवत. यांच्या रचनेत ज्याची नोंद त्याच्याच घरी राहायची. वाचकाचं नावगाव कुठेच लिहिलं जायचं नाही. आणि प्रोग्रामची ओळ न् ओळ सगळ्यांसाठी उघडी होती. ज्याला हवं त्याने वाचावी, चुका काढाव्यात.

तशीच कुणीतरी चूक काढली होती. पत्राखाली सही होती, ‘घुबड’. मजकूर सभ्य होता. प्रत्येक भेटीची नोंद हरवू नये म्हणून ती दोन यंत्रांवर ठेवता, हे उत्तम. पण बेरीज करताना तुमचा प्रोग्राम दोन्ही प्रती मोजतो. पुढे ओळीचा क्रमांक दिला होता.

ती ओळ धाकटीने लिहिलेली होती. तिने ती उघडून पाहिली, मग खडू फळ्याच्या कडेवर ठेवला आणि बोटं ओढणीला पुसली.

"नाव घुबड आणि बातमीही तशीच," थोरला म्हणाला.

दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. प्रश्न दुरुस्तीचा नव्हताच. सहा आठवडे हे सॉफ्टवेअर गावातल्या ग्रंथालयाच्या वेबसाइटवर आणि त्याच्या एका शाखेत चालू होतं. दर शनिवारी दोघं आकड्यांचा कागद ग्रंथपालबाईंना नेऊन देत. बाई चष्मा सारखा करत, कागदावरून बोट फिरवत आणि छान म्हणत. आज अकरा वाजता त्या समितीचा निर्णय सांगणार होत्या. आणखी सोळा ग्रंथालयं त्यांच्या मतासाठी थांबली होती, आणि त्या सोळांवर या दोघांचं पुढचं सगळं काम अवलंबून होतं.

थोरल्याने सुचवून पाहिलं, की दुरुस्ती गुपचूप राहू द्यावी. आकडा खाली आला तर परीक्षा संपल्या, वाचक घटले, असं म्हणता येईल. बोलताना तो खिडकीबाहेर बघत होता. धाकटी म्हणाली, की झालेली दुरुस्ती तारखेसकट कुणालाही दिसते. यावर तो म्हणाला, की ती वाचतंय कोण? पहिल्या भेटीत बाईंनी विचारलं होतं, की सर्व्हरवरची धूळ रोज झटकायची की आठवड्यातून एकदा.

धाकटीने चपला पायात घातल्या.

"थांब, मीही येतो," तो म्हणाला. "बोलणी दोघांत वाटून घेऊ."

"वाटून नको. आपल्या मोजणीत वाटलेलंही दुप्पट होतं."

तो हसला, मग तीही. वाटेत तिने तीन वाक्यं तयार केली, चौकातल्या सिग्नलपर्यंत येईतो त्यातली दोन खोडली.

ग्रंथालयात खळीचा वास होता. बाई टेबलाशी बसून एका जाड पुस्तकाच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवत होत्या. त्यांनी नजरेनेच खुर्च्या दाखवल्या. धाकटी बसली नाही.

"बाई, निर्णय सांगण्याआधी एक ऐका. आम्ही दिलेले सगळे आकडे दुप्पट आहेत. चूक माझी आहे. तुमचे खरे वाचक त्याच्या निम्मेच."

बाईंनी चिठ्ठी अंगठ्याने वरून खालपर्यंत दाबली. मग टेबलाचा खण ओढून टाचलेले चार कागद काढले आणि तिच्यासमोर सरकवले. समितीला दिलेला अहवाल होता तो, दहा दिवसांपूर्वीचा. पहिल्या आठवड्याचे वाचक, दुसऱ्या आठवड्याचे, सर्वांत जास्त वाचलेलं पान. धाकटीने एक आकडा मनात दुप्पट करून पाहिला, मग त्याखालचा. दोन्ही त्यांनी शनिवारी दिलेल्या आकड्यांशी जुळले. तिने कागद भावाकडे दिला.

"तुमच्या कागदांवरून रोजचा आकडा वहीत उतरवत होते मी," बाई म्हणाल्या. "एकदाही विषम आला नाही. माणसं काही जोडीजोडीनेच वाचायला येत नाहीत."

"मग आम्हाला सांगितलं का नाहीत?" थोरल्याने विचारलं.

बाईंनी खळीचं झाकण लावलं, हात पुसले आणि त्याच खणातून मंजुरीचं पत्र काढलं. सोळा ग्रंथालयांची नावं, खाली समितीच्या सह्या, शिक्का. सगळं जागच्या जागी होतं. तारखेपुढे तेवढं काही लिहिलेलं नव्हतं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा पाहिलं आणि आजची तारीख घातली.

शाई वाळेपर्यंत बसा म्हणाल्या, आणि दुसरं पुस्तक पुढ्यात ओढलं.