सुईबाबाची अख्खी सुई

जेवणाची सुट्टी झाली होती, पण डबा कोणी उघडला नव्हता. शिवणकारखान्यातली सगळी माणसं सुईबाबाभोवती दाटली होती, मागची कापडाच्या गठ्ठ्यांवर चढली होती. बाबानं वाटीत कापूस पेटवला आणि वाटी इस्त्रीवाल्याच्या छातीवर पालथी घातली. ती चिकटली! ओढून काढली, तर कातडीवर सुई!

"काळजाच्या दारातून माघारी बोलावली!" बाबा गरजला. लोकांनी हात जोडले.

शिवणाऱ्यांच्या मनात एक भीती घर करून असते. मशीनची सुई बोटात मोडली आणि तुकडा सापडला नाही, तर तो फिरत फिरत काळजात जातो म्हणे. छातीत कळ आली की ज्याला त्याला आपली मोडलेली सुई आठवते. या लबाडानं नेमकी तीच भीती हेरली होती. मी तिथला मशीन-मेकॅनिक. मोडक्या सुया रोज बदलतो, पण मला विचारतो कोण?

मग इथंच मशीन चालवणारी माझी वहिनी पुढे झाली आणि माझं डोकंच फिरलं. तिच्याही बोटात एकदा सुई मोडली होती. तीन दिवस जिना चढताना तिच्या छातीवर दाब येत होता, कळ डाव्या हातात आणि जबड्यात जात होती. आज ती बसल्या जागी घामानं भिजली होती.

"वहिनी, दवाखान्यात चला. आत्ताच्या आत्ता."

"थांबा हो भाऊजी, सुई निघाली की बरं वाटेल."

"डॉक्टरचं नाव काढलं की सुई आणखी खोल जाते, ताई!" बाबानं दटावलं आणि वाटी लावली. वाटी निघाली, वहिनीच्या गळ्याखाली सुई दिसली. मी झडप घालून ती उचलली. बोटांना मेण लागलं.

"मास्तर, हिचं नेढं बघा कुठंय."

कापड बेतणाऱ्या मास्तरांनी चष्मा लावला. "मागच्या बाजूला. अरे, ही तर हातसुई!"

"मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी असतं. आपल्याकडे बटणंसुद्धा मशीननं लागतात. मग वहिनीच्या बोटात मोडलेली मशीनची सुई छातीतून हातसुई होऊन निघाली? आणि तीही अख्खी?"

बाबा वाटी झोळीत कोंबू लागला. बटणवालीनं ती हिसकावली. तळाशी मेणाचा थर होता. सुई मेणानं चिकटवायची, आगीनं मेण वितळलं की ती सुटते. आतली गरम हवा थंड होऊन आकसते, म्हणून वाटी कातडीला धरून बसते. एवढाच चमत्कार!

"मग मागच्या खेपेला माझं दुखणं गेलं कसं?" इस्त्रीवाल्यानं विचारलं. उत्तर द्यायला वेळ नव्हता. वहिनीला खुर्चीत बसवून आम्ही तीन जिने उतरवलं.

"हृदयविकाराचा झटका आहे. तीन दिवस कसली वाट बघत होतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मीही नुसतं 'चला, चला' म्हणत राहिलो होतो.

इस्त्रीवाल्याला त्यांनी नंतर तपासलं. जड इस्त्रीनं बरगड्यांचे स्नायू दुखावले होते. बाबानं आठ दिवस हात हलवू नको म्हटलं होतं, त्या विश्रांतीनंच तो मागच्या खेपेला बरा झाला होता; पुन्हा इस्त्री धरली, तसं दुखणं परतलं. छातीत दुखतं म्हणून मास्तर आणि बटणवालीही तपासून आले. मास्तरांची जळजळ उपाशीपोटी ढोसलेल्या चहाची निघाली, बटणवालीची चमक मानेत दबलेल्या नसेची.

छातीत दुखण्याची कारणं अनेक असतात, पण त्यातलं आपलं कुठलं, हे तपासल्याशिवाय कळत नाही. छातीवर दाब आला, घाम फुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे सरकली, तर आधी दवाखाना गाठा. घरातलं माणूस ऐकत नसेल, तर उचलून न्या.

वहिनी वाचली. तिचं मशीन मी अजून तेल घालून तयार ठेवतो, पण ते तीन जिने तिला आता चढता येत नाहीत.