चादरीचं दुसरं टोक

जिन्यात धाकटीची पावलं वाजली की थोरली दाराआड थांबायची. ती फाटकाबाहेर गेली की मगच ही पिशवी घेऊन निघायची. एकाच घराचे दोन मजले, सख्ख्या भावांच्या बायका, आणि सात वर्षं दोघींत अबोला. असं एखादं घर आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचं असतंच.

एके काळी तळमजल्यावर त्यांची लाँड्री होती. दवाखान्याच्या चादरींचे ढीग यायचे. दोघी जावा समोरासमोर उभ्या राहायच्या. चादर ताणायची, झटकायची, दोन पावलं पुढे येऊन टोकं जुळवायची. जवळ आलं की मुलांची दुखणी, नवऱ्यांच्या तऱ्हा, सासूबाईंची हुबेहूब नक्कल. हसता हसता धुतलेली चादर जमिनीवर पडायची आणि पुन्हा धुवावी लागायची. मग घड्या घालणारं यंत्र आलं. काम सुटलं, तसं समोर येणंही सुटलं. मनं आधीच लांब गेलेली, त्यात एकदा पाहुण्यांसमोर थोरली बोलून गेली, "हिला कधी वळण नव्हतंच." धाकटी भरल्या ताटावरून उठली ती उठलीच.

अबोल्याच्या सातव्या वर्षी जवळच्या वाचनालयात एक नर्तकी येऊ लागली. ती नाच शिकवत नसे. माणसांच्या रोजच्या हालचाली गोळा करायची. न्हावी कात्री कशी चालवतो, पोस्टमन कसा वाकतो, हे एकानं दाखवायचं, दुसऱ्यानं शिकायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याचा प्रयोग बसवायचा. नवऱ्यानं फारच भरीला घातलं म्हणून थोरली गेली. रिकाम्या हातांनीच तिनं घडी घालून दाखवली.

"काकू, तुम्ही सारखं समोर बघता. तिथं कोण असायचं?" नर्तकीनं विचारलं.

"माझी जाऊ."

"वारल्या का?"

"छे गं, वरच्या मजल्यावर राहते."

सगळे हसले. थोरलीला मात्र हसू येईना. तिनं हळूहळू सगळं सांगितलं.

"तुमच्यासमोर मी कुणालाही उभं करीन," नर्तकी म्हणाली, "पण तुमचे हात अजून त्यांच्याच उंचीला येऊन थांबतात. बोललं कोण होतं?"

"मीच."

"मग वाट कुणी कुणाची बघायची?"

त्याच संध्याकाळी थोरली जिना चढली. दार वाजवलं. धाकटीनं ते उघडलं आणि जुळवलेली वाक्यं राहूनच गेली.

"चारचौघांत तुला बोलले. माझं चुकलं."

धाकटी दाराला धरून उभी राहिली. "ताई, सोळा पायऱ्या चढायला सात वर्षं लागली तुम्हाला?"

"गुडघे दुखतात गं."

धाकटी आधी हसली, मग तिच्या डोळ्यांना धार लागली.

प्रयोगाच्या दिवशी दोघींना काही शिकवावं लागलं नाही. चादर ताणली, झटकली, दोन पावलं पुढे आल्या. तेवढ्यात धाकटी काहीतरी कुजबुजली आणि भर प्रयोगात चादर खाली पडली. लोकांना वाटलं, तेही बसवलेलंच असेल.

यंत्रं यावीत, त्यांनी कितीतरी बायकांच्या कंबरा वाचवल्या. पण पूर्वी काम आपल्याला रोज समोरासमोर आणायचं, रुसवे तिथल्या तिथे विरायचे. आता तसं होत नाही, म्हणून आपणच उठून जायला हवं. ज्याचा शब्द लागला, त्यानं आधी दार वाजवावं. त्यात मान जात नाही; आपलं माणूस मात्र परत मिळतं.