काचेच्या वर दोन बोटं

"दादा, बसा बरं गाडीवर. उंची घेतो," नट्या म्हणाला आणि त्याने खिशातून टेप काढली.

दादा जागचे हलले नाहीत. दुकानाच्या भिंतीवर चार फेअरिंग टांगलेल्या होत्या आणि त्यांतल्या सगळ्यात मोठ्या, पंख पसरल्यासारख्या काळ्या फेअरिंगवर त्यांची नजर खिळली होती. हँडलच्या पुढे, दिव्याला पोटात घेऊन बसणारं ते कवच. वर काच. ती असली की वारा छातीवर न आदळता डोक्यावरून निघून जातो. या एका वस्तूची चित्रं दादांनी वीस वर्षं मासिकांतून कापून ठेवली होती.

दादांच्या मागे वहिनी हेल्मेट कुशीत धरून उभ्या होत्या.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचे, तेहतीस वर्षं. "लोकांना वर-खाली करण्यात जन्म गेला. आता एकदा नाकासमोर सरळ जायचंय," असं ते सगळ्यांना सांगत. नाकासमोर म्हणजे दीपगृहापर्यंत, जिथे जमीन आणि रस्ता दोन्ही संपतात. सहाशे किलोमीटर. निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांनी त्यासाठीच ही लांबलचक, बुटकी, जडशीळ क्रूझर मोटरसायकल घेतली. पहिल्याच फेरीत शंभर किलोमीटरवर वाऱ्याने छाती भरून आली, तेव्हा ते म्हणाले, "फेअरिंग बसवू, मग निघू."

फेअरिंग बसवायच्या आत एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा गळून पडला. अर्धांगवायूचा झटका होता. पाय सावरला, बोलणं परतलं, पण उजव्या हाताची बोटं मिटेनात. गाडीचा वेग त्याच हातात असतो आणि पुढचा ब्रेकही.

वहिनी कवळ्या बनवायच्या. दुसऱ्यांच्या तोंडाचं माप घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी गाडीवर जुनी चादर घातली आणि दर रविवारी "बॅटरी उतरायला नको" म्हणून त्या ती चालू करून ठेवू लागल्या. अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. मग एकदा दादांनी खिडकीतून पाहिलं, तर चादरीखालच्या गाडीचं तोंड फिरलेलं. भिंतीकडे होतं ते रस्त्याकडे झालं होतं.

"गाडी कोणी हलवली?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "चार महिने शिकतेय. परवाना आला परवा."

छप्पन्नाव्या वर्षी. दादा तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "म्हणजे मला पोत्यासारखं मागे टाकून नेणार तू?"

"पोतं रस्ता सांगत नाही," वहिनी म्हणाल्या. "मला रस्ते कळत नाहीत, तुम्हाला माहितीये."

त्यानंतर दोन आठवड्यांनी ते दोघं नट्याच्या दुकानात आले होते.

नट्याने पुन्हा बोलावलं, तेव्हा दादा गाडीजवळ गेले. त्याच्या खांद्याचा आधार घेऊन त्यांनी पाय टाकला. डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मुठीवर नेऊन ठेवला. नट्याने मोठी फेअरिंग काढून समोर धरली.

दादा ताठ बसले. काचेच्या कडेवरून दुकानाचं उघडं दार दिसत होतं आणि दारापलीकडे थेट कोपऱ्यापर्यंत रस्ता. काचेची कड नजरेच्या बरोबर दोन बोटं खाली होती. असावी तशी.

"मापाला माप," नट्या म्हणाला. "जशी काही तुमच्यासाठीच केलीये."

दादा बसून राहिले. नट्याचे हात भरून आले तरी तो फेअरिंग धरून उभा राहिला. घाई त्यानेही केली नाही.

"उतरव मला," शेवटी दादा म्हणाले. "हिला बसव."

"अहो, हीच घ्या ना," वहिनी म्हणाल्या. "मी करीन सवय."

"बस तर खरी."

वहिनी बसल्या. काचेची कड बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

"दिसतंय की. काचेतून दिसतंय."

"आता दिसेल. चिखल उडाल्यावर काय करशील?"

"काच कापून देतो मी, दादा," नट्या म्हणाला. "चार बोटं उतरवली की झालं."

"आणि वजन कापशील? हँडलवर एवढं ओझं आलं की वळताना गाडी हिच्या अंगावर येईल." दादांनी भिंतीकडे हात केला. "ती शेवटची काढ. धाकटी."

धाकटी अगदीच साधी होती. दिव्याभोवती एक करडं कोंदण आणि वर वीतभर काच.

"पण तुम्हाला ती मोठी हवी होती," वहिनी हळूच म्हणाल्या.

"हवी होती. मी चालवणार होतो तेव्हा."

दोन वर्षं दादा "हात बरा झाला की" असं म्हणत आले होते. वहिनींनी हेल्मेटचा पट्टा उगाच सोडला, पुन्हा लावला. नट्या पाठ फिरवून पाना शोधायला लागला. तो समोरच पडला होता.

बसवायला दोन तास लागले. दादा स्टूल ओढून जवळ बसले. पुढच्या चाकाच्या नळीला पट्टी कुठे आवळायची, खाली रबर किती जाड घालायचं, यावर दोघांची चांगली जुंपली. "दादा, दुकान माझंय," नट्या म्हणाला. "मग नीट चालव," दादा म्हणाले. त्यांनी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायला लावलं, कुठे घासत नाही ना आणि तारा ताणत नाहीत ना ते वाकून पाहिलं. शेवटचे दोन बोल्ट नट्याने त्यांच्यासमोर धरले. दादांनी ते डाव्या हाताने आवळले. वेळ लागला, पण कोणी मदत केली नाही.

पुढच्या आठवड्यात, उजाडता उजाडता, ते निघाले. वहिनी पुढे, दादा मागे. गाव संपेपर्यंत दादा सारखे सांगत होते, "गिअर बदल. अगं, आरसा बघ." मग रस्ता मोकळा झाला आणि त्यांचं बोलणं थांबलं. वहिनींची पाठ सैल झालेली त्यांना जाणवली. वारा त्यांच्या हेल्मेटवरून येऊन थेट दादांच्या तोंडावर लागत होता.

"वारा लागतोय का हो तुम्हाला?" वहिनींनी ओरडून विचारलं.

"नाही," दादा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

समोरून एक क्रूझर आली. तिच्यावरचा दाढीवाला माणूस जवळ येताच डावा हात खाली बाजूला काढून, तळवा उघडा करून गेला. लांबच्या वाटेवरचे गाडीवाले एकमेकांना करतात तो नमस्कार. वहिनींना तो ठाऊक नव्हता आणि त्यांचे दोन्ही हात हँडलला घट्ट चिकटले होते.

दादांनी वहिनींच्या कमरेवरचा डावा हात सोडला, बाजूला काढला आणि तळवा उघडला. समोरचा केव्हाच मागे निघून गेला होता. दादांनी हात तसाच थोडा वेळ वाऱ्यात धरला.